व्हीएस कोड उघडताच बंद पडतोय? रीइन्स्टॉल करण्याआधी हे वाचा

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं, विंडो क्षणभर दिसली आणि गायब. परत क्लिक, परत तेच. आता बहुतेक जण काय करतात? एडिटर अनइन्स्टॉल करतात, इन्स्टॉलर नव्याने उतरवतात, 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सगळं पुन्हा बसवतात. आणि तो ताजा एडिटर पहिल्याच क्लिकला अगदी तसाच आपटतो.

यात नवल काही नाही. व्हीएस कोड अनइन्स्टॉल केला तरी तुमच्या सेटिंग्ज, एक्स्टेन्शन (एडिटरला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअरं), सेव्ह न केलेल्या फाइली, कॅश (वेगासाठी साठवलेला तात्पुरता डेटा) हे सगळं जागच्या जागी राहतं. प्रोग्राम एका फोल्डरमध्ये असतो आणि तुमचा सगळा संसार दुसऱ्या. अनइन्स्टॉलर पहिल्याला हात लावतो, बिघाड मात्र बरेचदा दुसऱ्यात असतो. म्हणून आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं. त्याला एक कमांड पुरते. पुढचं सगळं तिच्या उत्तरावर ठरतं.

एक सूचना: या लेखात कमांड, फाइली आणि फोल्डर यांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तर कमांड सगळ्या स्मॉल लेटर्समध्ये. '--' म्हणजे मध्ये जागा न सोडता दोन डॅश.

आधी सेव्ह न केलेलं काम वाचवा

व्हीएस कोड बंद करताना 'सेव्ह करू का?' असं विचारत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. या सोयीला हॉट एक्झिट म्हणतात. सेव्ह न केलेला मजकूर तो गुपचूप एका फोल्डरमध्ये ठेवतो आणि पुढच्या वेळी परत समोर आणतो. एडिटर उघडतच नसेल तेव्हा मात्र हीच सोय अंगाशी येते. यूट्यूबवरचा कुणीतरी 'कोड नावाचं फोल्डर डिलीट करा' सांगतो, तुम्ही करता, आणि त्याबरोबर कालच्या चार तासांचं काम जातं.

ते फोल्डर कुठे असतं? विंडोजवर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबा, %ॲपडेटा% लिहून एंटर मारा. समोर येणाऱ्या यादीत 'कोड' नावाचं फोल्डर दिसेल. मॅकवर ते होम फोल्डरमधल्या लायब्ररीत, ॲप्लिकेशन सपोर्टच्या आत असतं. लिनक्सवर होममधल्या '.कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरमध्ये. या अख्ख्या 'कोड' फोल्डरची एक कॉपी डेस्कटॉपवर काढून ठेवा. आकार मोठा असेल तर निदान दोन गोष्टी: 'बॅकअप्स' आणि 'युजर'. बॅकअप्समध्ये सेव्ह न केलेल्या फाइली असतात. त्यांची नावं विचित्र असली तरी नोटपॅडमध्ये उघडल्यावर आतला मजकूर वाचता येतो. युजरमध्ये तुमची सेटिंग्ज.जेसॉन, शॉर्टकटची कीबाइंडिंग्ज.जेसॉन, स्निपेट्स आणि 'हिस्टरी' असते. ही हिस्टरी म्हणजे सेव्ह केलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या, गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी तिचा संबंध नाही.

आणि यापुढे काहीही डिलीट करायचं नाही. जिथे 'बाजूला काढा' म्हटलंय तिथे फोल्डरचं नाव बदलायचं, शेवटी '-जुने' जोडायचं. उपाय फसला तर नाव पूर्ववत केलं की झालं.

मग उरलेल्या प्रोसेस मारा

व्हीएस कोड म्हणजे एक प्रोग्राम दिसत असला तरी आत प्रोसेसचं, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या चालणाऱ्या कामांचं, कुटुंबच्या कुटुंब चालतं. तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे. इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमियम ब्राउझर (क्रोमचा पाया) आणि नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) यांची मोट. गिटहबने तो ॲटम या एडिटरसाठी बनवला, तेव्हा त्याचं नाव ॲटम शेल होतं. ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला कायमचा बंद झाला, त्याचा हा पाया मात्र राहिला. ब्राउझरसारखीच इथेही वेगवेगळी कामं वेगवेगळ्या प्रोसेसकडे असतात: मुख्य प्रोसेस, प्रत्येक विंडोची एक, ग्राफिक्सची एक, एक्स्टेन्शन चालवणारी एक, टर्मिनल सांभाळणारी एक. विंडो गायब झाली तरी यातलं एखादं भूत मागे रेंगाळतं.

त्याचा त्रास दुहेरी. एक तर 'दुसरी प्रत चालू आहे पण प्रतिसाद देत नाही' असा संदेश येतो किंवा क्लिक करून काहीच होत नाही. दुसरा त्रास जास्त फसवा आहे. मुख्य प्रोसेस जिवंत असताना तुम्ही टर्मिनलमधून कमांड दिलीत, तर ती नव्याने सुरू होत नाही, आधीच चालू असलेल्या प्रोसेसला निरोप देऊन मोकळी होते. तुम्ही जोडलेले पर्याय त्यात वाया जाऊ शकतात. 'ती डिसेबल जीपीयूवाली (ग्राफिक्स चिप न वापरता उघडण्याची) कमांड करून पाहिली, काही फरक पडला नाही' असं सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: आधी सगळं मारलं होतंस का?

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्स टॅबमध्ये कोड.ईएक्सई नावाच्या जितक्या ओळी दिसतील तितक्या बंद करा. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. लिनक्सवर 'पीकिल कोड', पण त्याआधी 'पीग्रेप -ए कोड' देऊन यादी पाहून घ्या, कारण नावात 'कोड' असलेलं दुसरं काही चालू असेल तर तेही जाईल. पुढच्या प्रत्येक चाचणीआधी हे करायचं. दरवेळी.

निकाल लावणारी कमांड

टर्मिनल उघडा. विंडोजवर पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट, काहीही चालेल. आता लिहा:

कोड --युजर-डेटा-डिर सी:\टेस्ट१ --एक्स्टेन्शन्स-डिर सी:\टेस्ट२

मॅक किंवा लिनक्सवर फोल्डरचे पत्ते तिथल्या पद्धतीने, म्हणजे /टीएमपी/टेस्ट१ वगैरे. ही दोन्ही फोल्डर नवी आणि रिकामी असली पाहिजेत. आधीपासून नसतील तर एडिटर स्वतःच बनवतो. या कमांडचा अर्थ: माझं जुनं काहीही वाचू नकोस, आजच पहिल्यांदा बसवल्यासारखा उघड.

मॅकवर 'कोड' ही कमांडच सापडत नाही अशी तक्रार येऊ शकते, कारण ती एडिटरच्या आतून चालू करून घ्यावी लागते आणि तुमचा एडिटर तर उघडत नाही. मग फाइंडरमध्ये ॲप्लिकेशन्समधल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडवर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' घ्या. कंटेंट्स, रिसोर्सेस, ॲप, बिन अशा क्रमाने आत गेलात की 'कोड' फाइल दिसेल. ती टर्मिनलमध्ये ओढून सोडली की पूर्ण पत्ता आपोआप लिहिला जातो.

एडिटर व्यवस्थित उघडला आणि दोन-तीन मिनिटं टिकला, तर प्रोग्राम ठणठणीत आहे. दोष तुमच्या डेटामध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये. रीइन्स्टॉलचा विचारही करू नका. रिकाम्या फोल्डरसह सुद्धा कोसळला, तर दोष त्याखाली आहे: ग्राफिक्स, अँटिव्हायरस, ऑपरेटिंग सिस्टिम किंवा खुद्द प्रोग्रामच्या फाइली. पुढे दोन वाटा फुटतात. तुमची जी असेल ती धरा.

पहिली वाट: रिकाम्या फोल्डरसह चालतो

आता दोन्ही फोल्डर पूर्वीचीच, फक्त एक्स्टेन्शन बंद:

कोड --डिसेबल-एक्स्टेन्शन्स

उघडला? मग गुन्हेगार एखादं एक्स्टेन्शन. पण कुठलं? अंदाजाने एकेक काढत बसू नका, निम्मे-निम्मे करा. 'कोड --लिस्ट-एक्स्टेन्शन्स' ही कमांड विंडो न उघडताच टर्मिनलमध्ये सगळ्यांची यादी देते. त्यातली अर्धी नावं घेऊन प्रत्येक नावाच्या आधी '--डिसेबल-एक्स्टेन्शन' जोडून एडिटर सुरू करा. उघडला तर दोषी बंद केलेल्या अर्ध्यात, कोसळला तर उरलेल्या अर्ध्यात. चाळीस एक्स्टेन्शन असली तरी जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत तुम्ही एकावर येता. सापडलं की 'कोड --अनइन्स्टॉल-एक्स्टेन्शन' आणि त्याचं नाव. एडिटर मिनिटभर तरी तग धरत असेल तर हेच काम तो स्वतः करतो: कमांड पॅलेटमध्ये (एडिटरमधली कमांडची यादी, कंट्रोल-शिफ्ट-पी, मॅकवर कमांड-शिफ्ट-पी) 'हेल्प: स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' निवडा आणि विचारेल त्याला हो-नाही उत्तर देत जा.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. 'एक्स्टेन्शन होस्ट अनपेक्षितपणे बंद पडला' असा संदेश खालच्या कोपऱ्यात येतो, पण विंडो जागेवर असते, तेव्हा एडिटर कोसळलेला नाही. एक्स्टेन्शनची प्रोसेस मुद्दाम वेगळी ठेवली आहे ती त्यासाठीच. शोधण्याची रीत मात्र हीच.

एक्स्टेन्शन बंद करूनही कोसळत असेल तर डेटा. यात पहिला संशय घ्यायचा तो मागच्या सत्राचा. एडिटर उघडताना कालच्या सगळ्या विंडो आणि टॅब परत मांडायला जातो. त्यात एखादी प्रचंड लॉग फाइल किंवा हजारो फाइलींचं फोल्डर असलं की उघडता उघडताच मेमरी संपते. 'कोड -एन' दिलं की सहसा नवी कोरी विंडो मिळते. विंडो कोसळल्याचा डायलॉग येत असेल तर त्यात 'एडिटर परत उघडू नका' अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावर टिक करून पुन्हा सुरू करा.

एकाच प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं की कोसळतो, बाकी सगळं चालतं, असंही होतं. तेव्हा 'युजर'मधल्या 'वर्कस्पेसस्टोरेज'मध्ये जा. तिथे अक्षरं-आकड्यांच्या लांबलचक नावांची फोल्डर असतात. नावावरून काही कळत नाही, पण प्रत्येकात एक छोटी वर्कस्पेस.जेसॉन असते आणि तिच्यात प्रोजेक्टचा पत्ता लिहिलेला असतो. फाइल एक्सप्लोररमध्ये तारखेप्रमाणे लावलं की वरचं एक-दोन फोल्डर बहुधा तुम्हाला हवं तेच निघतं. तेवढं बाजूला काढा. प्रोजेक्टमध्येच '.व्हीएसकोड' फोल्डर असेल तर त्यातल्या सेटिंग्जही तपासा.

आता 'युजर'मधलंच 'ग्लोबलस्टोरेज'. यात स्टेट.व्हीएससीडीबी नावाची फाइल असते. ती एसक्यूलाइट डेटाबेस आहे. कुठलं पॅनल उघडं होतं, अलीकडचे प्रोजेक्ट कोणते, कुठल्या एक्स्टेन्शनने काय लक्षात ठेवलंय, हे सगळं तिच्यात. एडिटर चालू असताना लाइट गेली, मशीन यूपीएसशिवायचं डेस्कटॉप असलं, तर ही फाइल अर्धवट लिहिली जाण्याची भीती असते. एडिटर शेजारच्या बॅकअप प्रतीवरून सावरायचा प्रयत्न करतो, पण दरवेळी जमतंच असं नाही. डिस्क काठोकाठ भरली असेल तेव्हाही रडगाणं हेच, त्यामुळे सी ड्राइव्हवर किती जागा उरली आहे तेही पाहा. ही फाइल आणि तिची बॅकअप दोन्ही बाजूला काढून एडिटर सुरू करा. गिटहब वगैरेंची लॉगिन पुन्हा करावी लागतील, कारण तीही एन्क्रिप्ट करून इथेच ठेवलेली असतात. सेटिंग्जना धक्का लागत नाही.

कॅशची फोल्डर ('कॅश', 'कॅश्डडेटा', 'कोड कॅश', 'जीपीयूकॅश') बेलाशक बाजूला काढा, ती एडिटर नव्याने बनवतो. उलट, सेटिंग्ज.जेसॉनमध्ये स्वल्पविराम राहिला किंवा कंस चुकला म्हणून एडिटर कोसळतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. तो तक्रार करतो आणि चुकलेला भाग सोडून पुढे जातो. विंडोजचं टेंप फोल्डर साफ करा हा सल्लाही जिकडेतिकडे सापडतो, त्याने जागा मोकळी होईल, एवढंच.

लिनक्सवाल्यांसाठी एक खास कारण: कधीतरी सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारात) एडिटर चालवला असेल, तर डेटा फोल्डरमधल्या काही फाइलींची मालकी रूट या ॲडमिन युजरकडे जाते. पुढे साध्या युजरने उघडला की लिहायची परवानगी नाही म्हणून तो मान टाकतो. '.कॉन्फिग'मधल्या कोड फोल्डरची आणि होममधल्या '.व्हीएसकोड' फोल्डरची मालकी 'सुडो चाऊन -आर' (इथला आर मात्र कॅपिटल) देऊन परत आपल्या नावावर करा.

दुसरी वाट: रिकाम्या फोल्डरसह सुद्धा कोसळतो

पहिला संशयित ग्राफिक्स. विंडो पूर्ण काळी किंवा पांढरी, चौकट दिसते पण आत काही नाही, झगमगाट होऊन बंद, ही त्याची लक्षणं. ड्रायव्हर किंवा विंडोजचं अपडेट झाल्यानंतरच हे सुरू झालं असेल तर संशय आणखी पक्का. सगळ्या प्रोसेस मारून:

कोड --डिसेबल-जीपीयू

याने चाललं तर उत्तर मिळालं. दरवेळी टर्मिनल उघडायला नको म्हणून कमांड पॅलेटमधून 'प्रेफरन्सेस: कॉन्फिगर रनटाइम आर्ग्युमेंट्स' घ्या. एआरजीव्ही.जेसॉन ही फाइल उघडेल. तिच्यात 'डिसेबल-हार्डवेअर-ॲक्सेलरेशन' ही ओळ आधीच कॉमेंट केलेली असते, तिच्यापुढच्या दोन तिरक्या रेघा काढल्या की झालं. ही फाइल होममधल्या '.व्हीएसकोड' फोल्डरमध्ये असते, त्यामुळे नोटपॅडनेही बदलता येते. पण मी याला उपाय म्हणणार नाही, हा टेकू आहे. स्क्रोलिंग जड होतं, टर्मिनल मंद वाटतं. खरा उपाय ड्रायव्हर: लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा, मग इंटेल, एनव्हीडिया किंवा एएमडीचा. दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स या पानावर व्हीएस कोड जोडून 'पॉवर सेव्हिंग' निवडून पाहा. त्याने तो इंटिग्रेटेड चिपवर चालतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

लिनक्सवर मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यानंतर नुसती कोरी विंडो येत असेल तर '.कॉन्फिग'मधल्या कोडमधलं 'जीपीयूकॅश' बाजूला काढणं हा ठरलेला इलाज.

ग्राफिक्स नसेल तर वय पाहा. तुमच्या मशीनचं, तुमचं नव्हे. इलेक्ट्रॉन जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम सोडत पुढे जातो आणि व्हीएस कोडला त्याच्यामागे जावंच लागतं. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका १.७०. विंडोज ८ आणि ८.१ साठी १.७९. ३२ बिट विंडोजसाठी १.८३. मॅकओएस १०.१३ आणि १०.१४ साठी १.८५. लिनक्सवर १.८६ पासून जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ लागते, आणि उबुंटू १८.०४ मध्ये ती २.२७ आहे. जुन्या सर्व्हरला रिमोट एसएसएचने (दूरच्या मशीनवर काम करण्याच्या सोयीने) जोडताना आपटी खाणाऱ्यांचं कारणही बरेचदा हेच असतं: सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे. तिथे तुमचा लॅपटॉप कितीही नवा असला तरी उपयोग नाही, कारण व्हीएस कोडचा सर्व्हर पलीकडच्या मशीनवर चालावा लागतो. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर एडिटर चालत नसेल तर आवृत्ती तपासा, जुनी उतरवून घ्या आणि सेटिंग्जमध्ये 'अपडेट.मोड' हे 'नन' करा, नाहीतर ते अपडेट परत डोकं वर काढेल. जुन्या आवृत्तीला सुरक्षेचे नवे पॅच मिळत नाहीत, तेव्हा अनोळखी प्रोजेक्ट तिच्यात उघडू नका.

उबुंटू २४.०४ वर टार फाइल सोडवून चालवणाऱ्यांना टर्मिनलमध्ये 'एसयूआयडी सँडबॉक्स हेल्पर' अशी ओळ दिसते आणि एडिटर सुरूच होत नाही. या आवृत्तीत ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने साध्या युजरच्या नेमस्पेसवर (प्रोसेसना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी लिनक्सची सोय) निर्बंध आणले आहेत, आणि क्रोमियमचा सँडबॉक्स, म्हणजे प्रोसेसला कोंडून ठेवणारं कुंपण, त्यावरच उभा असतो. सरळ मार्ग म्हणजे अधिकृत डेब पॅकेज बसवणं. नेटवर '--नो-सँडबॉक्स' जोडायला सांगतात. चालतं, पण तो संरक्षणाचा पडदाच काढून टाकणं आहे. निदानापुरतं वापरा, कायमचं नाही.

राहिला अँटिव्हायरस. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांनी बसवलेली सुरक्षा सॉफ्टवेअरं प्रत्येक प्रोग्राममध्ये आपली डीएलएल (प्रोग्रामला जोडली जाणारी कोडची फाइल) घुसवतात, किंवा अपडेटच्या मधोमध एखादी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतात. मग 'मॉड्यूल सापडत नाही' असा डायलॉग येतो. ते बंद करण्याचा अधिकार तुम्हाला नसतोच, आणि चोरून बंद करूही नये. पण आयटीकडे जाताना पुरावा घेऊन गेलात तर तिकीट लवकर हलतं. तो पुरावा कुठून आणायचा ते पुढे.

एक दुर्मीळ कारण सांगून ठेवतो, कारण ते सापडायला फार छळतं. 'इलेक्ट्रॉन_रन_ॲज_नोड' नावाचं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (सगळ्या प्रोग्रामना दिसणारी सिस्टिमची नोंद) सिस्टिममध्ये कायमचं सेट झालं असेल तर एडिटरचा प्रोग्राम विंडो न उघडता नुसता नोडसारखा वागतो. आयकॉनवर क्लिक केलं की काहीही होत नाही, एररही नाही. विंडोजच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सच्या यादीत हे नाव दिसलं तर काढून टाका.

पुरावा: लॉग आणि इव्हेंट व्ह्यूअर

'कोड' या डेटा फोल्डरमध्ये 'लॉग्ज' (घडामोडींच्या नोंदी) आहे. दर सुरुवातीला तारीख-वेळेच्या नावाचं एक नवं फोल्डर तयार होतं. सर्वांत ताजं उघडा. मेन.लॉग मुख्य प्रोसेसची. 'विंडो१' नावाचं फोल्डर असेल तर त्यात त्या विंडोची रेंडरर.लॉग आणि एक्स्टेन्शन होस्टची लॉग. 'विंडो१' फोल्डरच नसेल, तर विंडोपर्यंत गाडी पोचलीच नाही, तेव्हा एक्स्टेन्शनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मेन.लॉगमध्ये 'अपडेट' आणि 'सेटस्टेट' असलेल्या ओळी दिसतील, त्या नेहमीच्याच, सोडून द्या. शोधायची ती 'रेंडरर प्रोसेस गॉन' ही ओळ. तिच्या शेवटी कंसात कारण आणि कोड असतो.

कारण 'ओओएम' असेल तर मेमरी संपली. विंडोजवर त्याच्यासोबत -५३६८७०९०४ हा कोड येतो. 'किल्ड' आणि ९ म्हणजे बाहेरून कुणीतरी मारलं. लिनक्सवर हा मारेकरी बहुधा कर्नलच, 'डीमेसेज' कमांडमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधलं की सापडतो. 'क्रॅश्ड' आणि -१०७३७४१८१९ म्हणजे ज्या मेमरीला हात लावायचा नाही तिला लावला. हा कोड ड्रायव्हर, घुसवलेली डीएलएल, खराब रॅम, कशानेही येतो, एकट्याने तो काही सिद्ध करत नाही. -१०७३७४१७९५ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना.

'क्रॅश्ड' असेल तर विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. कोसळल्याच्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा, सोर्स 'ॲप्लिकेशन एरर', इव्हेंट आयडी १०००. पहिल्या ओळीत कोड.ईएक्सईचं नाव असतं, आणि खाली 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम'. सगळा जीव या ओळीत आहे. तिथलं नाव 'एनव्ही' अक्षरांनी सुरू होत असेल तर बहुधा एनव्हीडियाचा ड्रायव्हर, 'आयजी'ने होत असेल तर इंटेलचा, 'एटीआय' किंवा 'एएमडी'ने होत असेल तर एएमडीचा. खाली 'फॉल्टिंग मॉड्यूल पाथ'मध्ये अँटिव्हायरसच्या फोल्डरचा पत्ता दिसला तर आयटीला दाखवायचा पुरावा हाच, स्क्रीनशॉट काढा. नाव एनटीडीएलएल किंवा खुद्द कोड.ईएक्सई असेल तर मात्र ती ओळ फारसं बोलत नाही. क्रोम, टीम्स, स्लॅक अशी बाकीचीही सॉफ्टवेअरं अधूनमधून कोसळत असतील आणि दरवेळी मॉड्यूल वेगळंच निघत असेल, तर रात्रीतून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा.

मॅकवर हे सगळं कन्सोल ॲपमध्ये 'क्रॅश रिपोर्ट्स'खाली मिळतं. आणखी एक: एडिटर डाउनलोड्समधूनच चालवत असाल तर आधी तो ॲप्लिकेशन्समध्ये ओढा. मॅकओएस डाउनलोड केलेलं ॲप एका तात्पुरत्या, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवतं आणि अपडेट तिथे अडकतं.

लॉगमध्ये काहीच नसेल तर 'कोड --व्हर्बोज' द्या. टर्मिनलमध्ये ओळींचा पूर येईल. शेवटच्या वीस-तीस ओळी तेवढ्या कामाच्या.

आता रीइन्स्टॉल, पण पुरतं

दुसऱ्या वाटेवर ग्राफिक्स, ऑपरेटिंग सिस्टिम, अँटिव्हायरस तिन्ही सुटले, किंवा अपडेट अर्ध्यात तुटलं, तर प्रोग्रामच्या फाइलीच बिघडल्या आहेत. 'तुमचं इन्स्टॉलेशन करप्ट दिसतंय' असा संदेश त्याची खूण. एडिटरचं रंगरूप बदलण्यासाठी त्याच्या मूळ फाइलींमध्ये फेरफार करणारी काही एक्स्टेन्शन असतात, तीही हा संदेश ओढवून घेतात आणि पुढच्या अपडेटला कोरी विंडो दाखवतात. अशा वेळी रीइन्स्टॉल खरंच लागतं.

'कोड --लिस्ट-एक्स्टेन्शन्स'ची यादी एका फाइलमध्ये उतरवून घ्या. अनइन्स्टॉल करा. इन्स्टॉल झालेलं फोल्डर खरंच गेलंय का पाहा: युजर इन्स्टॉलर असेल तर लोकल ॲपडेटातल्या प्रोग्राम्समध्ये, सिस्टिम इन्स्टॉलर असेल तर प्रोग्राम फाइल्समध्ये. दोन्ही ठिकाणी एकेक प्रत सापडली तर दोन्ही काढा, ती भानगडही असते. मग %ॲपडेटा%मधलं 'कोड' आणि होममधलं '.व्हीएसकोड' बाजूला काढा, मशीन रीस्टार्ट करा, नवा बसवा.

उघडल्यावर लगेच सेटिंग्ज सिंकमध्ये लॉगिन करू नका. सिंक तुमच्या जुन्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन जशाच्या तशा परत आणतो, बिघडलेलंही. एक-दोन दिवस कोरा वापरा, मग सेटिंग्ज.जेसॉन हाताने आणा, मग एक्स्टेन्शन थोडी-थोडी.

काम अडलंय आणि यातलं काही करायला आज वेळ नाही? व्हीएस कोडची इनसायडर्स आवृत्ती किंवा व्हीएसकोडियम शेजारी बसवा. दोघांची डेटा फोल्डर वेगळी असतात, त्यामुळे जुन्याला धक्का न लावता काम सुरू होतं.

एवढं करूनही कोसळत असेल तर गिटहबवर व्हीएस कोडच्या भांडारात इश्यू नोंदवा. 'क्रॅश होतंय, मदत करा' एवढ्याने कुणी वळूनही पाहणार नाही. आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, रिकाम्या फोल्डरच्या चाचणीचा निकाल, कारण आणि कोड, फॉल्टिंग मॉड्यूल, एवढं लिहा. क्रॅशचा डंप मागतील. त्यासाठी 'कोड --क्रॅश-रिपोर्टर-डिरेक्टरी=' आणि पुढे एका फोल्डरचा पूर्ण पत्ता देऊन एडिटर कोसळू द्या, डंप तिथे जमा होतो. डंप म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचा तुकडा. त्यात उघड्या फाइलींतला मजकूर, टोकन, पासवर्डही असू शकतात. तो सार्वजनिक इश्यूला जोडू नका, आणि मशीन ऑफिसचं असेल तर पाठवण्याआधी वरिष्ठांना विचारा.